वेशीच्या आतली मडकी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. ओळखीची वाटली तर दोष सांगणाऱ्याचा नाही.

एक नगर होतं. तटाच्या आत गोरे राहत, तटाबाहेर काळे. गोड्या पाण्याची विहीर आत, गढूळ ओढा बाहेर. गोऱ्यांनी वाटेल तेव्हा बाहेर जावं, पण काळ्यांनी वेशीच्या आत पाऊल टाकू नये, असा कायदा होता.

बाहेरच्या वस्तीत एक म्हातारी आणि तिचा नवरा राहत. जन्मभर ओढ्याचं पाणी पिऊन म्हातारा पार खंगला होता. नगराचा कारभारी निवडताना एकदा तरी आपलं मत पडावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. मत देण्याची तिथली रीत साधी होती. तटाच्या आतल्या चावडीपुढे उभ्या राहिलेल्या प्रत्येकाच्या नावाचं मडकं मांडायचं आणि पसंतीच्या मडक्यात चिंचोका टाकायचा.

एके दिवशी, नवा कारभारी येईपर्यंत नगर सांभाळणाऱ्या प्रधानाला वाटलं, हा भेदभाव आता पुरे. काळ्यांनाही मताचा हक्क द्यावा का, यावर त्याने कौल घेतला. घेतला तोही फक्त गोऱ्यांचा! ज्यांच्या जन्माचा प्रश्न, त्यांना विचारावं हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. 'हो'चं मडकं काठोकाठ भरलं. मग गोऱ्यांनी आपल्या मोठ्या मनाबद्दल एकमेकांनाच हार घातले.

आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. कायदा उठवायचा तर नवा कारभारी हवा. कारभारी निवडायचा तर काळ्यांची मतं हवीत. मतं द्यायची तर चावडीपुढे यायला हवं, आणि वेशीत कायदा आडवा! यावर बैठका झाल्या. बैठकांवर पुन्हा कौल झाला, तोही आतल्या आत. म्हातारी रोज वेशीशी येऊन चौकशी करी. "विचार चालू आहे, उतावळेपणा बरा नव्हे," असं प्रधान समजावी. जन्मभर थांबलेल्या बाईला हा उतावळी म्हणत होता.

अशातच म्हातारा गेला.

दिवसकार्य उरकून म्हातारी वेशीशी आली. तिचा संयम संपला होता. ती म्हणाली, "प्रधानजी, आम्हाला आत यायची बंदी आहे. मडक्यांना बाहेर यायची आहे का?"

 प्रधान स्वतः रोज त्याच वेशीतून मळ्यात जात असे. एवढ्या शहाण्यांच्या बैठकांत ही गोष्ट कोणालाही सुचली नव्हती, कारण बाहेर जाऊन रांगेत उभं राहणं कोणाच्या मनातच नव्हतं.

मडकी बाहेर आली. माळावर गोरे-काळे एकाच रांगेत उन्हात उभे राहिले. म्हातारीने चिंचोका टाकला, तशी प्रधानाने मोठ्या आशेने विचारलं, "आजी, झालं ना मनासारखं?"

"माझं झालं," म्हातारी म्हणाली. "माझ्या म्हाताऱ्याला आधी कायद्याने अडवलं होतं. शेवटी तुम्ही अडवलंत, सगळे 'हो' म्हणाल्यानंतर."

 मतं मोजली तेव्हा, कारभारीपदासाठी उभ्या राहिलेल्या प्रधानाचं मडकं जवळजवळ रिकामंच निघालं. नव्या कारभाऱ्याने पहिल्याच दिवशी वेशीची दारं उतरवली आणि विहीर सर्वांना खुली केली. म्हातारी पाणी भरायला गेली, पण घरी ते पिणारं दुसरं कोणी नव्हतं.

तात्पर्य: न्याय कबूल करूनही जो त्याला ताटकळत ठेवतो, तो अन्यायच चालू ठेवतो.