गाळाची शेवटची पाटी

एकदा एका गावच्या तळ्याचा तळ फरशीने मढवायचे ठरले. एका व्यापाऱ्याची आई वैशाखात वारली होती आणि तिच्या नावाने त्याला गावाला आरशासारखे स्वच्छ पाणी द्यायचे होते. तळ्याची देखरेख करणाऱ्या तरुणाला ही कल्पना फार आवडली. त्या गावाची एक चाल होती. उन्हाळ्यात गाळ उपसून झाला, की त्याची शेवटची पाटी परत तळ्यातच रिती करायची. तरुणाला या खुळेपणाची चीड येई. "घर झाडून शेवटचा सुपलीभर केर कुणी परत घरात टाकतं का?" असे तो विचारी, आणि म्हाताऱ्यांना उत्तर देता येत नसे.

आता त्याच्या होकाराचीच काय ती खोटी होती. दसऱ्याला तो आपल्या वृद्ध गुरुजींच्या पाया पडायला गेला, तेव्हा त्याने हा बेत सांगितला. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेले ते गृहस्थ हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांनी काचेची एक उंच बरणी घेतली. तळ्यातला चिखल, खडूची पूड आणि वर्तमानपत्राचे कपटे कालवून ती भरली, वर चार बोटे तळ्याचेच पाणी ओतले आणि झाकण मेणाने बंद केले.

"उजेडात ठेव. संक्रांतीला घेऊन ये. मग खुशाल फरशी घाल."

पंधरा दिवसांत बरणीचा तळ काळा पडू लागला. तरुण घाबरला. घरी आई लोणच्याची बरणी रोज हलवी, म्हणून त्यानेही ही बरणी रोज सकाळी खळखळून हलवायचा नेम धरला. संक्रांतीला आत नुसता राखाडी रेंदा होता. तो घेऊन स्वारी मोठ्या ऐटीत गुरुजींकडे गेली.

"बघा गुरुजी, चिखल तो चिखलच."

"हलवत होतास?"

"रोज! नाहीतर बुरशी नसती का आली?"

गुरुजी पोट धरून हसले. "अरे, रोज सकाळी तू एक अख्खं नगर उलथून टाकत होतास." त्यांनी दुसरी बरणी भरून दिली. "या वेळी फक्त बघायचं."

व्यापारी मात्र संतापला. "वैशाखात आईचं वर्षश्राद्ध आहे. दगड कापायला कधी सांगू? तुमच्या चिखलाच्या बरणीपायी तिच्या नावाने दिलेला शब्द मोडू का?" तरीही तरुणाने चैत्रापर्यंतची मुदत मागून घेतली.

पुन्हा तळ काळा पडला. त्याचे हात शिवशिवले, पण त्याने ते आवरले. मग एका सकाळी वर हिरवी मखमल दिसली. काही दिवसांनी तिच्याखाली गंजाचा तांबूस पट्टा उमटला, त्याखाली पिकल्या जांभळाचा रंग, त्याखाली पुन्हा मंद हिरवा आणि अगदी तळाशी काजळ. मेण तसेच होते. आत काहीही गेले नव्हते. तरुण बरणीसमोर बसून राहिला, जेवणाची शुद्ध त्याला राहिली नाही. शेवटी त्याने व्यापाऱ्याला हाताला धरून गुरुजींकडे नेले.

"हे रंग कुठून आले, गुरुजी?"

"हे रंग म्हणजे जीव आहेत, एकेकटे डोळ्यांना न दिसणारे," गुरुजी म्हणाले. "ते सारे मूठभर चिखलात होतेच. प्रत्येकाने आपल्याला मानवेल तेवढा उजेड आणि सोसेल तेवढी हवा शोधली आणि तिथे वस्ती केली. वरच्याचा जो प्राणवायू, तेच तळच्याला विष. तळचे कागद कुजवतात, आणि त्यातून जी दुर्गंधी सुटते तीच मधल्यांचं अन्न होते. तीन महिने यांना कुणी घास घातला नाही. उजेड तेवढा बाहेरून आला. तळ्यात दरवर्षी एवढी पानं पडतात, गुरं उतरतात, ते सगळं जातं कुठे? खाली हे अखंड राबतात, म्हणून आपण वर ओंजळ भरतो. त्यांचं घर खरवडून फरशी घातलीस, तर पाणी थोडे दिवस आरसा होईल, आणि मग नासेल."

"आणि ती शेवटची पाटी?" तरुणाने विचारले.

"दही संपत आलं की शेवटचा चमचा कुणी खातं का? विरजणाला ठेवतात. आपल्या पणज्यांना हे जीव दिसले नव्हते. पण विरजण त्यांना चांगलं ठाऊक होतं."

व्यापाऱ्याने बरणी उचलून उजेडात धरली. "ती पाटी दरवर्षी माझी आई उचलायची," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या घरची बाई चिखलात हात घालते, याची मला लाज वाटायची. तिच्याच नावाने मी हे मोडायला निघालो होतो."

वैशाखात गाळ उपसला गेला. दगड कुणी कापले नाहीत. श्राद्धाच्या दिवशी शेवटची पाटी व्यापाऱ्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली. पांढऱ्या सदऱ्यावर चिखलाचे ओघळ आले, तरी त्याने ते पुसले नाहीत. तरुण पुढे झाला आणि गुडघाभर पाण्यात उतरून त्याने पाटीला हात लावला.

"हळू ओता, शेठ," तो म्हणाला. "खाली वस्ती आहे."