तीन वाड्यांची घंटा

गोष्ट फार जुनी आहे. समुद्र चर्चच्या पायऱ्यांपर्यंत यायचा, त्या काळातली.

चर्चचं गाव एक, पण वाडे तीन. कोळी मासे धरत, वाडीवाले केळी नि पानवेली लावत, माडवाले माडावर चढून माडी काढत. तिघांची बोली वेगळी, लुगडं नेसायची तऱ्हा वेगळी. प्रार्थना एकच, पण तीही तीन चालींत. त्यात वाईट काहीच नव्हतं. वाईट एवढंच, की संकटाची घंटाही त्यांनी वाटून घेतली होती. दोन ठोके कोळ्यांचे, तीन वाडीवाल्यांचे, चार माडवाल्यांचे. आपले ठोके नसले, की लोक म्हणत, "आपलं नाही गं, त्यांचं आहे," आणि पुन्हा कामाला लागत.

घंटा वाजवायची नातालीन. दार आपटलं तरी दचकणारी बाई.

एका दुपारी वारा उठला. रेजिना कोळीण धापा टाकत आली. "नातालीनबाय, घंटा वाजव! माझ्या नवऱ्याची होडी खाडीच्या तोंडाशी खडकांत अडकलीय. फुटेल गं आता!"

नातालीनने दोन ठोके दिले. कोळीवाड्यातून आल्या बायका आणि दोन-चार म्हातारे. बाकीचे गडी दूर समुद्रात होते. एवढ्यांच्या बळावर काही होणार नव्हतं.

फादर परगावी गेलेले. विचारायचं कोणाला? खोटी घंटा वाजवणं म्हणजे घरात मरण बोलावणं, असं गाव मानायचं. तरी नातालीनने पुन्हा दोर ओढला. तीन ठोके. मग चार.

दोन्ही वाडे धावत आले. "आमच्यातलं कोण गेलं?"

"कोणी नाही," नातालीन पुटपुटली. "पण रेजिनाचा इनास जाईल."

"इनास? तो तर कोळी!" वाडीवाले पास्कूबाबा खेकसले. "चालता रहाट सोडून आलो मी!"

नातालीन दचकली, तरी बोलली. "बाबा, रविवारी चर्चमध्ये आपण सगळे एकाच भाकरीतला घास घेतो ना? मग मी ठोके कोणाकोणाचे देऊ?"

पास्कूबाबा आपल्या वाडीवाल्यांकडे वळून ओरडले, "अरे, बघताय काय? रहाटांचे दोर आणा!"

एक माडवाला सरसर माडावर चढला. त्याला वरून खडकांमधली वाट दिसली. एक म्हातारा कोळी दोर घेऊन पाण्यात शिरला.

"डावीकडे जा! अहो काका, डावा हात कुठला, ठाऊक आहे ना?"

"तू खाली ये, मग दाखवतो!"

दोर इनासच्या हाती पोहोचला. काठावर वाडीवाल्यांनी जोर लावून ओढला. होडी फुटली, इनास वाचला.

"दोराला महिनाभर बोंबलाचा वास येणार," पास्कूबाबा कुरकुरले.

"येऊ दे हो, तेवढीच तुमच्या केळ्यांना चव!" रेजिना रडता रडता हसली, आणि सगळा काठ हसला.

बोली अजून तीन आहेत, चालीही तीन. पण ठोके कोणाचेही पडोत, "कोणाचं?" असं आता कुणी विचारत नाही. विचारतात, "कुठे जायचं?"

तात्पर्य: चाली खुशाल निराळ्या असाव्यात, पण शेजाऱ्याची हाक ती आपलीच हाक.