नऊ रिकाम्या गाद्या

ही गोष्ट शंभर टक्के खरी. सांगणाऱ्याच्या पणजोबांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पणजोबांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि गोष्ट आहे समुद्रापलीकडची, हे कबूल; पण एवढ्यातेवढ्यावरून कुणी गोष्टीला खोटं पाडू नये.

तर फार पूर्वी, गलबताने सहा महिने जावं इतक्या लांब, एक वसाहत होती. राजाने ती नऊ विश्वस्तांच्या हाती एकवीस वर्षांसाठी सोपवली होती. विश्वस्त मोठे सज्जन. शहरात ज्यांना ना घर ना दार, अशांना त्यांनी गलबतात बसवलं, जमिनी दिल्या, बी-बियाणं दिलं. स्वतःसाठी तिथली वीतभर जागासुद्धा घेतली नाही. फक्त एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. ते तिथे गेले नाहीत.

गेले नाहीत, म्हणून चावडीत त्यांच्या नावाच्या नऊ गाद्या मांडून ठेवल्या होत्या. रोज सकाळी कारकून त्या झटकायचा. कुणाला काही मागायचं असलं, तर त्याने गाद्यांसमोर उभं राहून बोलायचं, कारकुनाने लिहून घ्यायचं आणि कागद पुढच्या गलबताने धाडायचा. एकदा तिसऱ्या गादीवर मांजर व्यालं, तेव्हा ‘तिसरे विश्वस्त बाळंत झाले’ म्हणून गाव आठवडाभर हसत होतं.

विश्वस्तांचे नियम तीन. पहिला, घरटी शंभर तुतीची झाडं लावायची, म्हणजे रेशीम होईल. खाऱ्या वाऱ्याने रेशमाचे किडे मरून जायचे, आणि तुती खाऊन पोरांची तोंडं तेवढी जांभळी व्हायची. दुसरा, बापामागे जमीन मुलालाच. मुलगा नसेल तर ती विश्वस्तांकडे परत. तिसरा, वसाहतीत कुणी माणूस विकत घ्यायचा नाही, गुलाम ठेवायचा नाही. हे नियम का केले, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

या वसाहतीत निंबाजी नावाचा एक कोष्टी राहायचा. त्याला एकच मुलगी, चिमा. शेताच्या जागी आधी जंगल होतं. ते चिमाने तोडलं. एका दिवसात चाळीस झाडं पाडली तिने. बरं, चार. पण मोठी होती.

निंबाजीने अंथरूण धरलं, तशी चिमा गाद्यांसमोर जाऊन उभी राहिली.

“नऊजणांना रामराम. बाबा आता फार दिवस काढत नाहीत. शेत मी माझ्या हाताने जंगल तोडून काढलंय. ते माझ्याकडे राहू द्या.”

गाद्या गप्प. कारकून म्हणाला, “चिमे, लिहितो मी. पण नियम आहे बाई.”

वर्षाने उत्तर आलं. तोवर निंबाजी गेला होता. पत्रात लिहिलं होतं, ‘वडिलांच्या प्रकृतीस आराम पडो. तुती कशी आहे?’

“पुढचं गलबत येईपर्यंत राहा,” कारकून खाली मान घालून म्हणाला. “मग शेत सोडावं लागेल.”

पुढचं गलबत आलं, आणि त्यातून थोरले विश्वस्त स्वतः उतरले! एकोणीस वर्षांत रेशमाचा धागाही आला नाही, म्हणून म्हातारा बघायला आला होता. चावडीत आपल्या गादीवर बसायला गेला, तर तिथे मांजर. बिचारा जमिनीवरच बसला. मग काठी टेकत चिमाच्या शेतात गेला.

“आजोबा, सांभाळून. काटे आहेत.”

“मुली, तुती कुठे आहे?”

“मेली. इथे भात होतो. चारदा लिहून धाडलं होतं मी.”

“आणि तुला भाऊ नाही ना? आम्हाला वाटलं होतं, हल्ला झाला तर प्रत्येक शेतामागे भाला धरणारा हवा. म्हणून मुलाचा नियम.”

चिमाने आत जाऊन भाला आणला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला. त्याला तो उचलवेना.

“रानडुकरं मीच मारते, आजोबा. विचारलं असतंत, तर सांगितलं असतं.”

म्हातारा बांधावर टेकला. “आम्ही तुमचं भलंच करत होतो गं,” तो म्हणाला, “फक्त तुम्हाला न विचारता.”

आपला निरोप येईपर्यंत हिच्या शेताला हात लावू नका, असं कारकुनाला बजावून तो परत गेला. शहरात नऊजण जमले. तो म्हणाला, “वसाहत राजाला परत देऊ या.”

“वर्षच तर उरलंय! मानाने पुरं करू,” बाकीचे म्हणाले.

“जिथे आपण एकदाही बसलो नाही, तिथून उठायला मान कशाला आडवा यायला हवा?”

वसाहत राजाची झाली. राजाचा सुभेदार आला आणि चावडीसमोर त्याने नियमांचा गठ्ठा ठेवला. “महाराजांचा हुकूम आहे. ठेवायचा तर सगळा ठेवा, जाळायचा तर सगळा जाळा. जाळा म्हणणाऱ्यांनी हात वर करा.”

“जाळा!” सगळे ओरडले. शेजारचा गणोजी चिमाच्या कानाशी आला. “पोरी, शेत तुझं झालं बघ! आता राबायला चार गुलाम आणू आणि बसून खाऊ.”

चिमाचा हात वर जाता जाता थांबला. गठ्ठा जळला तर शेत तिचं. राहिला तर आजच शेत गेलं.

“सुभेदारसाहेब, गुलाम न ठेवण्याचा तो तिसरा कागद तेवढा काढून घ्या, मग जाळा.”

“सगळा, नाहीतर काहीच नाही.”

“मग काहीच जाळू नका,” चिमा म्हणाली. “शेत गेलं तर मी दुसरीकडे राबेन, पण माझ्या मर्जीने राबेन. विकत आणलेल्या माणसाला तेवढंही नसतं.”

आधी गणोजीचा हात खाली आला. मग एकेक करत सगळ्यांचे आले. सुभेदाराने मिशीवरून हात फिरवला, तिसरा कागद बाजूला काढला, आणि उरलेला गठ्ठा पेटवला. चिमाला शेत मिळालं.

आता खरं सांगायला हवं. हात खाली आले ते, आणि सुभेदाराने कागद काढला ते, एवढं सांगणाऱ्याने पदरचं घातलं आहे. चिमा बोलली, ते खरं. पण ती एकटीच बोलली. ‘तीही त्या विश्वस्तांचीच कटकट,’ असं गाव म्हणालं, आणि तिसरा कागदही जळला. चिमाला शेत मिळालं, आणि पुढच्या गलबतातून साखळीने बांधलेली माणसं उतरली. चिमाच्या शेतात त्यांतलं कुणी कधी राबलं नाही, एवढंच.

तात्पर्य, आणि हे दोन्ही शेवटांना लागू आहे: लोकांना न विचारता, न समजावता केलेला चांगला नियमही त्यांना आपला वाटत नाही, मग वाईट नियम जाळताना तोही त्यांच्या हातून जळतो; कुणी समजावला आणि त्यांना पटला, तरच वाचतो.