मिटलेली मूठ

"आता आणखी काय दाखवायचं राहिलं, सर?"

ऋजुतानं विचारलं तसं नम्रपणेच. पण आतला तोरा लपत नव्हता.

समोरच्या टेबलावर देहदान केलेल्या एका वृद्धाचा देह होता. अंगावर चादर, उजवा हात तेवढा बाहेर. महिनाभर ती त्या हातावर शिकत होती. उद्या एका विणकराच्या हातावर तिला पहिल्यांदाच शस्त्रक्रिया करायची होती. हळबे सर 'जा' म्हणाले तरच.

तळहाताच्या बाजूचा स्नायू न् स्नायू तिनं मोकळा केला होता. कुठला स्नायू कुठल्या हाडावरून निघतो, कुठला सांधा वाकवतो, सगळं घडाघडा सांगून झालं होतं. खोटं कशाला बोला, काम देखणं होतं.

सरांनी तो हात बारकाईनं पाहिला.

"तुझं बोट दे त्याच्या हातात."

तिनं बोट त्या तळहातावर ठेवलं. सरांनी मनगटाच्या वर स्नायूंच्या पांढऱ्या दोऱ्या चिमट्यात धरल्या आणि हळूच ओढल्या.

मेलेल्या हाताची बोटं वाकली. तिच्या बोटाभोवती मूठ मिटली.

ऋजुताच्या अंगावर काटा आला. त्यातल्या प्रत्येक स्नायूचं नाव तिला ठाऊक होतं, तरीही आला.

"आता त्याला सोडायला लाव," सर म्हणाले. "बोट ओढून काढायचं नाही. त्याच्याच हातानं मूठ उघडू दे."

तिनं तो हात उलटा केला आणि ती थबकली. मागच्या बाजूला नुसती हाडं आणि सांधे होते, लख्ख साफ केलेले. बोटं उघडणारे स्नायू तिनंच कापून टाकले होते.

"सर, मागचे मी..."

"हं."

"सांधे नीट दिसावेत म्हणून..."

औषधात मुरलेला तो हात मिटला तसाच राहिला. ऋजुताला फार लाज वाटली. डोळे भरून आले, पण एक बोट त्या मुठीत, दुसऱ्या हातात तो उलटा धरलेला हात; पुसायला हात मोकळा नव्हता.

"उद्या मी जाऊ नको ना, सर?"

"नको."

त्यांनी त्या वृद्धाच्या खांद्यावरून घसरलेली चादर सारखी केली.

"अख्खा देह देऊन टाकला या माणसानं," ते म्हणाले, "आणि मूठ मिटलेलीच राहिली त्याची."