ठिपकीची मिशी आणि ठक ठक ठक फुस्स

एक होती उंदरीण. एवढीशी. नाकावर पांढरा ठिपका, म्हणून नाव ठिपकी.

धोंडूतात्यांची लाल जीप जिथं उभी असायची ना, त्या शेडच्या भिंतीत ठिपकीचं बीळ. बिळात पिल्लं चार. ठिपकीच्या एका गालाला मिश्या चार. दुसऱ्या गालाला मात्र तीनच. चौथी कुठं गेली? ठिपकीला ठाऊक नाही. तुमचा मोजा हरवतो, तिची मिशी हरवली.

परवा काय झालं, ठिपकीचे दात शिवशिवायला लागले. ती शिरली जीपच्या पोटात. तिथं मिळाली एक काळी दोरी. कुरकुर कुरकुर. शी, रबर. दिली सोडून, आणि गेली विसरून. ती विसरली, पण तुम्ही लक्षात ठेवा हं.

आज ठिपकीला एक शेंग मिळाली. दोन दाण्यांची नाही. तीन दाण्यांची नाही. चांगली चार दाण्यांची. पिल्लं चार, दाणे चार. आणि पिल्लांना तर केवढी भूक. तीन पिल्लं म्हणत होती, चीं, चीं, चीं. चौथं सगळ्यांत बारकं. ते गप्प पडून होतं. चीं म्हणायलाही त्याच्या अंगात जोर नव्हता. ठिपकीला त्याचीच काळजी लागली होती.

ठिपकी शेंग घेऊन निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वाटेत शेंग निसटली. गडगड, गडगड. गेली ती थेट जीपच्या चाकामागे. गाडी मागं घसरू नये म्हणून तिथं दगडाची उटी लावलेली. चाक आणि उटी, मध्ये फट. फटीत शेंग बसली घट्ट.

ठिपकीनं ओढली. निघेना. ढकलली. निघेना. दात लावायला गेली, तर दात पोचेनात.

आता जीपची गंमत ऐका. जीपच्या टपावर बांधला होता नवा पाळणा. तात्यांच्या घरच्या सोनाकाकीच्या भाचीच्या बाळाचं आज बारसं. पाळणा पोचल्याशिवाय बाळाला नाव कसं ठेवणार? तात्यांनी किल्ली फिरवली. ठक ठक ठक फुस्स. ठक ठक ठक फुस्स. जीपला आली उचकी, आणि जीप पडली बंद.

मग आले इलाही मेस्त्री, गाड्या दुरुस्त करणारे. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवून बघितली. बॉनेटला कान लावला.

मेस्त्री म्हणाले, "तात्या, गाडी मिसिंग मारतीय."

सोनाकाकी म्हणाली, "मिशी?"

"मिशी नाही ओ काकी. मिसिंग, मिसिंग."

"तेच ते. कुणाची मिशी गेली गाडीत?"

तात्यांनी हळूच आपली मिशी चाचपली. ती जागेवर होती. मेस्त्री तर हसून हसून स्टुलावरच बसले. म्हणाले, आधी चहा. मिसिंग म्हणजे इंजिनाचा एक ठोका चुकणं. पण हे काकीला कुणी नीट सांगितलं का? नाही. मग काकीनं चष्मा लावला, बॉनेट उघडलं, आणि ती लागली मिशी शोधायला.

इकडं ठिपकी गेली चाकाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चाकदादा, चाकदादा, हल ना जरा.
चाक हलेना, म्हणून शेंग सुटेना.
चार दाण्यांची शेंग, घरी पिल्लं चार."

चाक म्हणालं, "मी नाही हलणार जा. इंजिन फिरेल, तर मी हलेन."

ठिपकी गेली इंजिनाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"इंजिनआजोबा, इंजिनआजोबा, फिरा ना जरा.
इंजिन फिरेना, म्हणून चाक हलेना.
चाक हलेना, म्हणून शेंग सुटेना.
चार दाण्यांची शेंग, घरी पिल्लं चार."

इंजिन खोकलं. म्हणालं, "मी नाही फिरणार जा. माझे प्लग चार, पेटतात तीनच. चौथा प्लग पेटेल, तर मी फिरेन."

ठिपकी गेली चौथ्या प्लगकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. चौथा प्लग बसला होता तोंड काळं करून.

"प्लगभाऊ, प्लगभाऊ, पेट ना जरा.
प्लग पेटेना, म्हणून इंजिन फिरेना.
इंजिन फिरेना, म्हणून चाक हलेना.
चाक हलेना, म्हणून शेंग सुटेना.
चार दाण्यांची शेंग, घरी पिल्लं चार."

प्लग म्हणाला, "मी नाही पेटणार जा. विजेशिवाय पेटू कसा? वायर वीज देईल, तर मी पेटेन."

ठिपकी गेली वायरकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. वायर लांबलचक, काळी काळी. ठिपकीला वाटलं, हिला कुठंतरी पाहिलंय. पण कुठं ते आठवेना.

"वायरताई, वायरताई, वीज दे ना जरा.
वायर वीज देईना, म्हणून प्लग पेटेना.
प्लग पेटेना, म्हणून इंजिन फिरेना.
इंजिन फिरेना, म्हणून चाक हलेना.
चाक हलेना, म्हणून शेंग सुटेना.
चार दाण्यांची शेंग, घरी पिल्लं चार."

वायर मुसमुसली. म्हणाली, "मी नाही देणार जा. माझा झगा फाटलाय. वीज वाटेतच पळून जाते. चट्ट, चट्ट. भोकावर पट्टी चिकटेल, तर मी देईन."

ठिपकी गेली पट्टीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. काळी चिकटपट्टी मेस्त्रींच्या पेटीत गोल गोल झोपली होती.

"पट्टीबाई, पट्टीबाई, चिकट ना जरा.
पट्टी चिकटेना, म्हणून वायर वीज देईना.
वायर वीज देईना, म्हणून प्लग पेटेना.
प्लग पेटेना, म्हणून इंजिन फिरेना.
इंजिन फिरेना, म्हणून चाक हलेना.
चाक हलेना, म्हणून शेंग सुटेना.
चार दाण्यांची शेंग, घरी पिल्लं चार."

पट्टी म्हणाली, "मी नाही चिकटणार जा. मला काय पाय आहेत? मेस्त्री उठतील, तर मी चिकटेन."

ठिपकी गेली मेस्त्रींकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. मेस्त्री बशीत चहा ओतून पीत होते. सुर्रर्र, सुर्रर्र.

"मेस्त्रीमामा, मेस्त्रीमामा, उठा ना जरा.
मेस्त्री उठेनात, म्हणून पट्टी चिकटेना.
पट्टी चिकटेना, म्हणून वायर वीज देईना.
वायर वीज देईना, म्हणून प्लग पेटेना.
प्लग पेटेना, म्हणून इंजिन फिरेना.
इंजिन फिरेना, म्हणून चाक हलेना.
चाक हलेना, म्हणून शेंग सुटेना.
चार दाण्यांची शेंग, घरी पिल्लं चार."

मेस्त्रींनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "वायर फाटलीय? म्हणजे कुणीतरी कुरतडली. आज मी पट्टी लावायची, उद्या त्यानं परत कुरतडायची. असं किती दिवस चालायचं? मी नाही उठणार जा. कुरतडणारा कान धरेल, तर मी उठेन."

ठिपकीला असा राग आला म्हणता. कोण बाई हा वाईट? कुणाची वायर कुरतडतो, आणि कुणाची पिल्लं उपाशी राहतात. सापडू दे, चांगला झापते त्याला.

तुम्ही का हसताय? गप्प बसा. तिला आठवत नाहीये ना.

ठिपकी गेली कोंबडीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कोंबडीताई, कोंबडीताई, कान धर ना जरा.
कुणी कान धरेना, म्हणून मेस्त्री उठेनात.
मेस्त्री उठेनात, म्हणून पट्टी चिकटेना.
पट्टी चिकटेना, म्हणून वायर वीज देईना.
वायर वीज देईना, म्हणून प्लग पेटेना.
प्लग पेटेना, म्हणून इंजिन फिरेना.
इंजिन फिरेना, म्हणून चाक हलेना.
चाक हलेना, म्हणून शेंग सुटेना.
चार दाण्यांची शेंग, घरी पिल्लं चार."

कोंबडी फणकारली. "मी का धरू? कुरतडायला दात लागतात. मला आहे चोच. आणि माझे कान कुठं आहेत, ते तूच दाखव आधी."

ठिपकी गेली तात्यांकडे. एवढी लांब यादी परत म्हणता म्हणता तिला धाप लागली. तात्यांनी सगळी ऐकून घेतली. मग तोंडाचं बोळकं उघडून दाखवलं. "माझी कवळी सकाळपासून वाटीत आहे गं. मी कशानं कुरतडू?"

एवढ्यात बॉनेटमधून काकीचा आवाज आला. "मेस्त्री, ही घ्या तुमची मिशी."

सगळे धावले. मेस्त्रींनी मात्र स्टुलावरूनच मान लांब केली. काकीच्या चिमटीत खरंच एक मिशी होती. बारीक, पांढरी.

"कुठं मिळाली?" मेस्त्रींनी विचारलं.

"या चौथ्या वायरवर. जिथं भोक आहे ना, तिथंच अडकलेली."

काकीनं मिशी तात्यांच्या ओठावर धरून पाहिली. तात्यांची मिशी केरसुणीसारखी जाडजूड. ही त्यांची नव्हे. मेस्त्रींची मिशी मेंदी लावून लाल केलेली. ही त्यांचीही नव्हे. कोंबडीला तर मिशीच नाही. मग सगळ्यांनी खाली पाहिलं.

काकी वाकली. ठिपकीचा एक गाल मोजला. एक, दोन, तीन, चार. दुसरा गाल मोजला. एक, दोन, तीन.

"आणि चौथी माझ्या हातात," काकी म्हणाली.

ठिपकीला सगळं आठवलं. काळी दोरी. कुरकुर कुरकुर. शी, रबर. अगंबाई, ती मीच की.

ठिपकीला अशी लाज वाटली, अशी लाज वाटली. वाटलं, पळावं आणि बिळात शिरावं. बीळ जवळच होतं. पण बिळातून आवाज आला. चीं, चीं, चीं. आणि चौथा आवाज आलाच नाही.

ठिपकी पळाली नाही. तिनं दोन्ही कान धरले. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मीच कुरतडली. चुकले. परत नाही कुरतडणार." आणि तिनं उठाबशा काढल्या. एक, दोन, तीन. चौथीला धपकन बसलीच.

ठिपकीनं कान धरले, म्हणून मेस्त्री उठले.

पण मेस्त्री होते पक्के. नुसतं ऐकून ते थोडेच मानतात? त्यांनी हातात जाड मोजे घातले. आपण नाही हं हात लावायचा, हे काम मेस्त्रींचं. तात्यांनी किल्ली फिरवली. ठक ठक ठक फुस्स.

मेस्त्रींनी पहिल्या प्लगची वायर काढली. आवाज बदलला. ठक ठक फुस्स फुस्स. पहिला कामाचा. लावली परत.

दुसऱ्याची काढली. ठक ठक फुस्स फुस्स. दुसराही कामाचा. लावली परत.

तिसऱ्याची काढली. ठक ठक फुस्स फुस्स. तिसराही कामाचा. लावली परत.

चौथ्याची काढली. ठक ठक ठक फुस्स. आवाज होता तसाच. असला काय, नसला काय, सारखंच.

"चौथाच गप्प बसलाय," मेस्त्री म्हणाले. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. चौथ्या प्लगचं काळं तोंड खसाखसा पुसलं. मग पेटीतून पट्टी काढली. चर्रर्र.

मेस्त्री उठले, म्हणून पट्टी चिकटली.
पट्टी चिकटली, म्हणून वायरनं वीज दिली.
वायरनं वीज दिली, म्हणून प्लग पेटला.
प्लग पेटला, म्हणून इंजिन फिरलं.

ठक ठक ठक ठक. ठक ठक ठक ठक. फुस्स गेलं पळून.

"बारशाला जाऊन या," मेस्त्री म्हणाले. "आल्यावर नवी वायर घालू."

काकी म्हणाली, "मी मघापासून काय सांगत होते? मिशीच होती." मेस्त्रींनी उरलेला चहा पिऊन टाकला.

काकीनं ठिपकीची मिशी ठिपकीला परत दिली. ओंजळभर शेंगाही शेडच्या कोपऱ्यात ओतल्या. म्हणाली, "दात शिवशिवले तर या खा. वायरला तोंड लावलंस तर बघ." मग काकी पदर खोचून जीपमध्ये बसली.

इंजिन फिरलं, म्हणून चाक हललं. आधी हललं थोडं मागं. कट्ट. शेंगेचं टरफल फुटलं. मग गेलं पुढं.

चाक हललं, म्हणून शेंग सुटली.

जीप निघाली, टपावर पाळणा डुलत निघाला. ठक ठक ठक ठक, ठक ठक ठक ठक. आणि शेंग घेऊन ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पहिला दाणा तिनं बारक्याला दिला. बारक्यानं डोळे उघडले. दाणा हुंगला. चाटला. कुरकुर, कुरकुर खाऊन टाकला. मग बाकीच्या तिघांनी आपापला दाणा खाल्ला. ठिपकी कान देऊन बसली.

चीं.

चीं.

चीं.

ठिपकीनं श्वास रोखला.

चीं.

चौथा आवाज सगळ्यांत मोठा होता. ठिपकीनं बारक्याला पोटाशी घेतलं आणि सातही मिश्यांनी त्याला गुदगुल्या केल्या. आठवी मिशी तिनं बिळाच्या दारात टांगली, म्हणजे दात शिवशिवले की आधी ती दिसेल.

पाळणा गेला बारशाला, गोष्ट आली उशाला. चार पिल्लं झोपली, आता तुम्ही झोपा.