नारळाचा मान

एका खाडीकाठच्या गावात एक सुतार राहत होता, आणि काठावर त्याच्याहून कितीतरी जुना चिखल राहत होता. ओहोटी लागली की होडी काठापर्यंत येत नसे. मग माणसांनी खाडीतच उतरायचं आणि गुडघाभर, कधी कमरेभर चिखल तुडवत घर गाठायचं. पलीकडचा काठ खडकाळ होता. सगळी फजिती अलीकडेच.

सुताराचं नाव पुरसू मेस्त. त्याच्या शेजारी द्वारकाकाकी एकटी राहायची. तिची लेक जयवंती पलीकडच्या गावात दिली होती. एकदा लेकीला भेटून येताना काकी चिखलात रुतून पडली आणि तिचा पाय मोडला. पाय यथावकाश बरा झाला, पण काकीची हिंमत गेली. ती रोज अंगणात बसून पलीकडे बघत राही.

पुरसूला ते बघवेना. परवानगीच्या भानगडीत न पडता त्याने स्वतःजवळचं लाकूड काढलं, चिखलात खांब रोवले, वर फळ्या ठोकल्या आणि होडीपर्यंत पोचणारा धक्का उभा केला. परवानगी घ्यायला हवी होती, हे खरंच. पण सगळं गाव त्या धक्क्यावरून कोरड्या पायांनी ये-जा करू लागलं, हेही खरं. काकी तर दर आठवड्याला लेकीकडे जाऊ लागली.

चुकलं ते दुसरंच. धक्का पुरा झाला त्या दिवशी पुरसूने नारळ द्वारकाकाकीच्या हातात दिला. सरपंच यशवंतआबा इस्त्रीचा सदरा घालून तिथेच उभे होते. गावात कुठलंही काम असो, पहिला नारळ आबांनी फोडायचा, ही रीत. आबा हसले, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून घरी गेले. पण तो तुकडा काही त्यांच्या घशाखाली उतरला नाही.

दोन महिन्यांनी ग्रामपंचायतीची सभा लागली. विषय एकच, विनापरवाना धक्का. ग्रामसेवक म्हणाले, "धक्का मजबूत आहे. तो कायम ठेवावा असा ठराव करा. पुढची परवानगी मी आणतो."

आबा पुरसूकडे वळले. "बांधूच्या आदी माका इचारलंस?"

"चुकलंय, आबा. दंड करा, पण धक्को ऱ्हवांदे."

आबांना क्षणभर वाटलं, जाऊ दे. मग तो नारळ आठवला.

"कायदो म्हणजे कायदो," ते म्हणाले. "धक्को काढूचो. कोणाचो विरोध आसा?"

सगळे सदस्य त्याच आठवड्यात धक्क्यावरून गेले-आले होते. कुणाच्या चपलेला चिखलाचा ठिपका नव्हता. पण आबांना कोण दुखावणार? सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले आणि ठराव बिनविरोध झाला.

धक्का मोडायला मात्र कुणी पुढे येईना. शेवटी पुरसूच खाडीत उतरला. फळी फुटू नये म्हणून एकेक खिळा जपून उपटत त्याने तीन दिवसांत आपलंच काम उतरवलं. फळ्या पंचायतीच्या मागे रचून ठेवल्या. पुढे आबांनी रीतसर धक्क्यासाठी वर अर्ज केला. तो अजून वरच आहे.

दुसऱ्या वर्षी द्वारकाकाकी आजारी पडली. पलीकडे निरोप गेला. जयवंती तशीच होडीत बसली, पण वेळ भर ओहोटीची. एक पाय उपसावा तर दुसरा रुतत होता. आईचं घर समोर दिसत होतं. ती अंगणात पोचली तेव्हा काकीला जाऊन थोडाच वेळ झाला होता.

अशा पायांनी आईजवळ कशी जाऊ, म्हणून तिने पाणी मागितलं. आबा अंगणातच होते. त्यांनी कळशी उचलली आणि तिच्या पायांवर ओतू लागले. चिखल लवकर निघेना.

"धक्को आसतो, तर येळार पोचलंय आसतंय," जयवंती रडत म्हणाली. "आयेक त्या धक्क्याचा केवढा कौतुक! तुमचा नाव काढी. सगळ्यांका सांगी, आबांनी आपलो नारळाचो मान माका दिल्यांनी."

आबा पाणी ओतत राहिले. कळशी रिकामी झाली. ती भरायला ते विहिरीवर गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

तात्पर्य: आपला मान दुसऱ्याला मिळाला म्हणून माणूस लहान होत नाही. पण त्या रागाला नियमाचं नाव दिलं, आणि ते ओळखूनही बाकीचे गप्प बसले, तर एकाच्या रुसव्यात सगळं गाव रुततं. मग मागाहून कितीही पाणी ओतलं तरी गेलेली वेळ परत येत नाही.