साठ मीटरचं कव्हर

तारकर्लीला समुद्राखाली शूटिंग करायचं म्हणून मी छोट्या कॅमेऱ्याचं वॉटरप्रूफ कव्हर घ्यायला बायकोबरोबर दुकानात गेलो. मला पोहता येत नाही, ही किरकोळ बाब दुकानदार पोंक्ष्यांना सांगितली नाही.

“साठ मीटर खोल चालणारंच घ्या,” पोंक्षे थाटात म्हणाले, “आणि हा फिल्टर. खोल पाण्यात लाल रंग नाहीसा होतो, हा तो परत आणतो. सायन्स आहे वहिनी, तुमच्या लक्षात नाही यायचं.”

“आलं की!” माझी बायको मृदुला म्हणाली. “पण यांचा चेहरा गुडघाभर पाण्यातच पांढराफटक पडतो. तिथे चालणारा फिल्टर दाखवा ना.”

पोंक्ष्यांनी कव्हर परत फळीवर ठेवलं. मी काउंटरच्या काचेत पाहिलं, तर फिल्टर न लावताच लालबुंद झालो होतो.